वेदूला मडगार्डवर बसवू नकोस

फोंडा, शनिवार संध्याकाळ

चि. महेश यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा सकाळी मी निघून आले ते रागाने आले असं मनात धरू नकोस. सुजाताला खरोखरच बरं नव्हतं. आज तिचा ताप उतरला, दुपारी पेज खाल्ली. पण तू पानावरून अर्धा उठलास ते काही माझ्या मनातून जात नाही. फोन केला तर आपण पुन्हा त्याच विषयावर येऊ आणि एक जण फोन ठेवून देईल, म्हणून लिहायला बसले. ट्रॅक्टरचं काढायचं नाही, घरचं, शेतीचं लिहायचं असं ठरवलं होतं. पण दुसरं काही सुचतच नाही.

मी काय बघितलं तेवढं सांगते. तू वायंगणाच्या शेताचा वरचा कोपरा नांगरून मेरेवरून वळत होतास. वेदू डाव्या मडगार्डवर बसलेला. एका हाताने तुझी कॉलर धरलेली, दुसऱ्या हातात बिस्किटाचा पुडा. पायाला चिखल, आणि पायाची बोटं पत्र्यावर आवळून धरलेली. चाक मेरेवर चढलं तसा तो बसल्या जागेवरून वीतभर उडाला आणि पुन्हा बसला. हसत होता. तू पुढे बघत होतास, तुला ते दिसणं शक्यच नव्हतं. त्याच्या बाजूला मोठं चाक, मागे माती फोडणारा पात्यांचा रोटाव्हेटर, वर उचललेला पण फिरतच असलेला.

तू म्हणालास, बाबा मला फळीवर बसवायचे तेव्हा तू कुठे काय बोललीस? बसवायचे, खरं आहे. चिखल सपाट करताना फळीवर वजन लागायचं, आणि कोण बसणार म्हणून तुझी आणि सुजाताची मारामारी. एकदा तू तोल जाऊन तोंडावर पडलास. सगळा चिखल नाकातोंडात. बाबांनी कासरा ओढायच्या आधी ढवळ्या थांबला होता. पाय उचललेला तसाच धरून उभा राहिला तो. तुझ्या बाबांनी त्या रात्री त्याला स्वतःच्या हाताने गूळ चारला होता. महेश, ट्रॅक्टर तसा थांबत नाही. वेदू ओरडला तर इंजिनाच्या आवाजात तुला ऐकूही येणार नाही, आणि ऐकू आलं तरी तू क्लच दाबेपर्यंत मागचं चाक पुढे गेलेलं असेल. हे वाक्य मला लिहायचं नव्हतं.

तू वाईट चालवतोस असं मी कधी म्हटलेलं नाही. खाणीवरचा टिप्पर तू त्या लाल चढावरून पावसात कसा आणायचास ते मला माहीत आहे. 2012 ला खाणी बंद पडल्या, 2018 ला पुन्हा पडल्या. वाड्यावरची पोरं कोण बोटीवर गेली, कोण आखातात. तू टिप्पर विकलास आणि पडीक राहिलेली शेतं हातात घेतलीस. कृषी कार्ड, अनुदानाचे कागद, ऑफिसच्या खेपा, सगळं एकट्याने केलंस. तिळारी धरणाचं पाणी कालव्यातून नुसतं वाहून जायचं, आता दोन्ही बाजूंना हिरवं दिसतं. बाबा असते तर मेरेवर उभे राहून बघत राहिले असते. हे मी तुला तोंडावर कधी बोलले नाही, आज लिहिते. पण तू चांगला चालवतोस म्हणून मडगार्डवरचं पोर पडायचं राहत नाही.

आणखी एक. तू म्हापशाला गेला होतास त्या दिवशी मी त्या सीटवर चढून बसले. ट्रॉली जोडलेलीच होती. दीप्तीला म्हटलं, वेदूचा हात धरून ट्रॉलीच्या मागे उभी राहा. मी मान वळवली, वाकले, उठून बघितलं. दीप्तीचे केस दिसले. वेदू दिसलाच नाही, मध्ये नुसता ट्रॉलीचा पत्रा. भात आणतोस तेव्हा तू त्याच अंगणात रिव्हर्स घेतोस, आणि तो तिथेच सांडलेल्या लोंब्या वेचत बसलेला असतो. रिव्हर्स टाकायच्या आधी खाली उतर, एक फेरी मार, आणि तो दीप्तीच्या हाताला धरलेला तुला स्वतःला दिसू दे. तेवढ्याने भात काही भिजत नाही.

तुम्ही पीटीओ म्हणता त्या मागच्या फिरणाऱ्या दांड्याजवळ 540 लिहिलेलं आहे. वेदू ते पाच, चार, शून्य असं वाचतो, नवीन आकडे आलेत ना त्याला. मी इथे भावोजींना विचारलं. ते म्हणाले, मिनिटाला 540 फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ. सदऱ्याचं टोक अडकलं तर हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. त्या दांड्यावरचं प्लास्टिकचं कव्हर फुटून गेल्यापासून तू नवीन घातलेलं नाहीस. ते आधी घाल. आणि खाली उतरायचं असेल तेव्हा पीटीओ बंद करूनच उतर, एका मिनिटाचं काम असलं तरी. चिखलात चाक रुतलं की जोर देऊन काढायला जाऊ नकोस, पुढची बाजू उचलली तर ट्रॅक्टर उलटायला फार तर सेकंद-दीड सेकंद लागतो. डोक्यावरची लोखंडी कमान पट्टा बांधलेल्याला वाचवते. मडगार्डवर बसणाऱ्याला कुठला पट्टा?

बघ, मी पुन्हा शाळा घ्यायला लागले. तू आता लहान नाहीस आणि हे सगळं तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. रागावू नकोस.

वेदूला शिकवायचं म्हणालास, तेही मी करून बघितलं. त्याला सांगितलं, इंजिनाचा आवाज आला की सोप्याच्या वरच्या पायरीवर जाऊन खांबाला हात लावायचा, आणि पप्पा इंजिन बंद करून, खाली उतरून हाक मारतील तेव्हाच सोडायचा. मी तोंडाने आवाज काढायची, तो पळत जाऊन खांब धरायचा. छान जमलं त्याला. मग खरोखरचा तू वळणावर दिसलास आणि पोर खांब सोडून, सगळं विसरून, तुझ्या दिशेने धावत सुटलं. पाच वर्षांचं आहे ते. त्याला तू दिसतोस, चाक दिसत नाही. म्हणून शिकवायचं तर रोज शिकवू, पण भरवसा त्याच्या शिकण्यावर ठेवायचा नाही. तो विसरला तरी त्याला काही होऊ नये, एवढं आपल्या हातात हवं. तू एक दिवस नाही म्हणालास आणि दुसऱ्या दिवशी तो रडला म्हणून घेतलंस, तर त्याला रडायचं तेवढं कळेल.

दसऱ्याला झेंडूची माळ घालून त्याला स्टिअरिंगवर बसवून फोटो काढलात. फोटो सुंदर आहे, सुजाताने मोठा करून लावलाय. पण तेव्हापासून तो "माझा ट्रॅक्टर" म्हणतो आणि तू नसलास की वर चढतो. तो रोटाव्हेटर वरखाली करायच्या हायड्रॉलिकच्या दांडीशी खेळताना दीप्तीने त्याला धरून खाली आणलं, ते तिने तुला सांगितलंच असेल. रोटाव्हेटर वर उचललेला ठेवून घरात येऊ नकोस, जमिनीला टेकवून ये. आणि बंद असला तरी त्यावर खेळायचं नाही, हे तुझ्या तोंडून गेलं पाहिजे. माझं तो ऐकत नाही, तुझं ऐकतो.

मी बुधवारच्या बसने येईन. दीप्तीला म्हणावं, उडीद पाखडून ठेव, निवडायला मी आहे. माझ्या गोळ्या इथे मिळाल्या, काळजी नको. आणि जेवत जा रे वेळेवर.

तुझी,
आई

ता. क. सोहमला नाताळच्या सुट्टीत ट्रॅक्टर शिकवतो म्हणून तू कबूल केलंयस असं तो इथे सगळ्यांना सांगत फिरतो. तेरा वर्षांचा आहे. लायसन अठराव्या वर्षी मिळतं, तोवर नाही असं मी त्याला सांगितलं, तर तोंड पाडून बसलाय. तुला फोन करील. तूही तेच सांग.