रिव्हर्ब घुमलं रे! (मित्रास पत्र)

प्रिय निखिल,

सप्रेम नमस्कार.

गिटारच्या आवाजाला घुमारा देणारं रिव्हर्बचं पेडल एकदाचं वाजलं! डबीला भोकं पाडायची बाकी आहेत, सर्किट टेबलावर उघडंच पडलंय, पण असं घुमतंय की गिटार खाली ठेववत नाही.

इको आणि रिव्हर्बमध्ये फरक तो काय, असं तू विचारलं होतंस. इकोत प्रत्येक पडसाद सुटा ऐकू येतो. रिव्हर्बमध्ये ते इतके दाट पडतात की कानाला वेगळे काढताच येत नाहीत, सुरामागे नुसती शेपूट राहते. आवाज जरा उशिराने परत देणाऱ्या एकट्या डिले चिपला हे नीट जमत नाही. म्हणून मी बेल्टनची तयार ‘ब्रिक’ वापरली. छोटीशी पेटी, आत पीटी२३९९ या तीन डिले चिप. तिघींचे पडसाद एकमेकांत गुंततात आणि स्प्रिंग रिव्हर्बच्या (खऱ्या स्प्रिंगा थरथरवून घुमवणाऱ्या जुन्या यंत्राच्या) जवळ जाणारा आवाज निघतो. तयार भाग वापरला म्हणून नाक मुरडू नकोस, खरी मेहनत त्याच्या आजूबाजूला आहे.

माझा एकच हट्ट होता: गिटारचा मूळ आवाज डिले चिपमध्ये न शिरता सरळ पुढे जायला हवा. गिटार आधी टीएल०७२ च्या, म्हणजे दोन अँप्लिफायर असलेल्या आयसीच्या, एका अर्ध्यात शिरते. इनपुटला १ मेगाओहमचा रेझिस्टर ठेवलाय, नाहीतर पिकअपवर (तारांचं कंपन पकडणाऱ्या कॉइलवर) भार येऊन आवाजाची धार जाते. पुढे दोन वाटा फुटतात, एक सरळ आणि एक ब्रिकमधून. आयसीच्या दुसऱ्या अर्ध्यात त्या पुन्हा एकत्र येतात. मिक्सचं नॉब फक्त शेपूट किती हवी ते ठरवतं.

ब्रिकमधून आलेली शेपूट मला जरा जास्तच चकचकीत वाटली. खऱ्या खोलीत पडदे, गाद्या आधी वरच्या फ्रीक्वेन्सी गिळतात. म्हणून परतीच्या वाटेवर १० किलोओहमचा रेझिस्टर आणि ग्राउंडला ४.७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावला. साधारण ३.४ किलोहर्ट्झच्या वर आवाज उतरत जातो. एवढ्याशा दोन भागांनी पेडलचं रूपच पालटलं!

तूही करणार असशील तर पॉवरकडे लक्ष दे. अडॅप्टर ९ व्होल्टचा, ब्रिकला लागतात ५. व्होल्टेज ५ वर आणणारा छोटा रेग्युलेटर ७८एल०५ फार तर १०० मिलीअँपिअर देतो, आणि तीन चिप मिळून त्याच्या जवळ जाऊ शकतात. सरळ मोठा ७८०५ लाव. बॅटरीचा नादच सोड.

आणि आवाज आलाच नाही तर घाबरू नकोस. अँपला जोडलेल्या केबलचं ग्राउंड सर्किटच्या ग्राउंडला जोड, तिच्या टोकाच्या वायरीला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लाव आणि त्याचा मोकळा पाय इनपुटपासून एकेका जोडावर टेकवत जा. गिटार छेडत राहायची, बस्स. जिथे आवाज गायब होतो, तिथलाच कुठलातरी सोल्डरचा डाग बहुधा कच्चा असतो. मल्टिमीटर हातात घेण्याआधी मी हेच करतो.

आता तुझ्याकडे एक काम. माझ्या गिटारला सिंगल कॉइल पिकअप आहेत, तुझ्या हमबकरचा, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपचा, जोर बराच जास्त. ५ व्होल्टवरच्या ब्रिकचा आवाज तेवढ्याने फाटतो का, ते बघायचंय. येताना गिटार घेऊन ये, ब्रिकमध्ये किती जोर जातो ते ठरवणारा, तिच्या आधीचा रेझिस्टर त्यावरूनच पक्का करू. तोवर डबी बंद करत नाही.

काकूंना नमस्कार.

तुझा,
अमेय