दारू सुटली, दाखला मिळाला. पण डोकं तपासलं कुणी? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

माझे यजमान भोसरीला एका कारखान्यात फिटर आहेत. दारू सोडायला महिनाभर एका केंद्रात दाखल होते. घरी आले तेव्हा हातांची थरथर थांबली होती, जेवण जात होतं, लिव्हरचे रिपोर्ट सुधारले होते. दाखल्यावर शिक्का बसला, ‘कामासाठी फिट’. कामावर गेले तर व्हर्नियरवर माप वाचायचे आणि वहीत लिहीपर्यंत विसरायचे. सुपरवायझरला वाटलं, पुन्हा लावून आलाय. सासूबाईंनी तर तोंडाचा वास घेऊन पाहिला.

पिणं थांबलं म्हणून मेंदू लगेच जागेवर येत नाही. लक्ष आणि स्मरणशक्ती सुधारायला आठवडे जातात. आखणी, सारासार विचार, जागेचा नि मापाचा अंदाज यांना कित्येकदा महिने. झोप तर फारच हट्टी. मनाचंही तेच. रिमोट सापडला नाही म्हणून डोळ्यांत पाणी, आणि लेकीचा निकाल ऐकून चेहरा कोरा! बऱ्याच जणांची ही उदासी तीन-चार आठवड्यांत ओसरते. ज्यांची ओसरत नाही, त्यांना नैराश्याचे वेगळे उपचार लागतात. पण हे ओळखायला कुणीतरी पुन्हा बघायला हवं ना? घरचे आपले म्हणत राहतात, ‘दारू सोडली, स्वभाव नाही सोडला.’

पुण्याला हे नवं नाही. १९८६ पासून इथे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही दारूच्या व्यसनाशी निगडित मानसिक स्थिती आजारातच धरल्या आहेत. मग दाखला फक्त रक्त आणि बीपी बघून का?

घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा, पाच शब्द ऐकून थोड्या वेळाने सांगा, अशी चाचणी दहा-पंधरा मिनिटांत होते. ती दाखल्याआधी आणि पुन्हा तीन महिन्यांनी सक्तीची करा. दाखल्यावर ‘काही काळ हलकं काम’ असाही एक रकाना ठेवा. प्रेस मशीनवर बोटं जायला एक चूक पुरते. थायमिनचं, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचं, इंजेक्शन कुठल्याच सरकारी दवाखान्यात संपलेलं नसावं. दारूमुळे होणारी त्याची कमतरता वेळेत भरली नाही तर स्मृती कायमची जाऊ शकते.

आणि फॉलोअपची ओपीडी आठवड्यातून एकदा तरी संध्याकाळी ठेवा. सकाळच्या ओपीडीला यायचं तर दिवसाचा पगार कापला जातो.

आपली,
एका फिटरची पत्नी, भोसरी, पुणे