ईएलसीबी काढू नका, कुकर उघडून पाहा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

‘इलेक्ट्रिक कुकर लावला की घरभराची लाईट जाते’ ही तक्रार पावसाळी हवेत हमखास येते. त्यावर सोलापुरात सर्रास दोन उपाय होतात. एक तर ईएलसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा सुरक्षेचा खटका) काढून थेट जोडणी करतात, नाहीतर प्लगची जाड, म्हणजे अर्थिंगची पिन तोडून टाकतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. यात दोष कुकरमध्येच राहतो आणि पत्र्यात करंट उतरतो. समोर ओली शहाबादी फरशी असली की पुढचे सांगायला नको.

आधी कोणता खटका पडला ते पाहावे. ईएलसीबी (नव्या पेट्यांवर आरसीसीबी लिहिलेले असते) रुंद असतो. त्यावर ‘टी’ बटण आणि ३० मिलिअँपिअर हा आकडा असतो. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत आला नाही की तो पडतो, आणि गळती १५ मिलिअँपिअरच्या पुढे गेली की कधीही पडू शकतो. फ्रिज, वॉशिंग मशीनची थोडी थोडी गळती त्यात आधीच जमा असते. अरुंद एमसीबी (जादा करंटवर पडणारा खटका) पडत असेल तर लोड किंवा शॉर्ट शोधावा. २००० वॉटची कॉइलची शेगडी पावणेनऊ अँपिअर ओढते, ती १६ अँपिअरच्या पॉइंटवरच हवी. ७०० वॉटचा भाताचा कुकर जेमतेम तीन अँपिअर घेतो, तिथे लोडला दोष देण्यात अर्थ नाही.

ईएलसीबी पडला तर कुकरचा प्लग काढून खटका वर करावा. नुसते बटण बंद करून भागत नाही, कारण बोर्डावरचे बटण फक्त फेज तोडते. कॉइलची न्यूट्रलकडची बाजू पत्र्याला लागली असेल, तर बटण बंद असूनही पंखा-फ्रिजच्या लोडवर खटका पडतो. मग त्याच सॉकेटवर इस्त्री लावून पाहावी. तीही पाडत असेल तर बहुतेक वायरिंगचा घोळ असतो. इन्व्हर्टर बसवताना न्यूट्रलची अदलाबदल झालेली पुष्कळदा सापडते.

इस्त्री चालली, तर कुकर उलटा करून बुडाचे स्क्रू काढावेत. बाहेरून ओले भांडे आत ठेवणे किंवा उतू गेलेली पेज मधल्या स्प्रिंगच्या भोकातून खाली जाणे, ही नेहमीची कारणे. टर्मिनलवर पेजेचा पिवळट थर दिसतो, कधी काळा डाग. तो कोरड्या ब्रशने खरवडावा. कॉइलच्या नळीतली पांढरी भुकटी, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड, तोंडाचे सील गेले की दमट हवा ओढून घेते. अशा कुकरचे बूड दिवसभर कडक उन्हात ठेवून पाहायला हरकत नाही.

प्लगच्या पिनांना मल्टीमीटर लावताना भांडे ठेवून कळ खाली दाबावी, नाहीतर ‘वॉर्म’चे, म्हणजे भात गरम ठेवण्याच्या जोडणीचे वाचन येते. ७०० वॉटच्या कॉइलला प्लगच्या दोन बारीक पिनांमध्ये सुमारे ७५ ओहम येतात. जाड पिन ते पत्रा एक ओहमच्या आत हवे. पण बारीक पिन ते जाड पिन साध्या मीटरवर ‘ओपन’ दिसले म्हणून कुकर निर्दोष ठरत नाही. मीटरची बॅटरी काही व्होल्टची, गळती २३० ला होते. त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर (जास्त व्होल्टेज लावून गळती तपासणारा मीटर) लागतो. एक मेगओहमच्या खाली वाचन आले आणि उन्हात ठेवूनही चढले नाही, तर त्याच वॉटची, त्याच व्यासाची हीटर प्लेट बदलावी. कॉइल ठोकून-ठाकून दुरुस्त होत नाही.

‘शेजारी चालतो, म्हणजे कुकर चांगला’ हा निष्कर्ष तर सर्वांत घातक. शेजारी ईएलसीबी नसेल, किंवा जुन्या दोन तारांच्या वायरिंगमध्ये अर्थिंगच नसेल, तर सदोष कुकरही बिनबोभाट भात शिजवतो. खटका पडायचा तो मग हात लागल्यावर पडणार, तोही ईएलसीबी असेल तरच.

‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. न पडणारा ईएलसीबी बदलावा. आणि मिस्त्रीला बोलावताना मेगर आहे का, एवढे आधी विचारावे. नुसता टेस्टर लावणाऱ्याला ही गळती मोजता येत नाही.

आपले,
वायरिंग व दुरुस्तीचे काम करणारे काही कारागीर, सोलापूर