वेंगुर्ल्याहून, बंदीच्या दिवसांत

वेंगुर्ले,
१८ जून

प्रिय बाळ्या,

चार दिवस घरी आलोय. बंदरावर होड्या वर ओढून झापांनी शाकारल्यात. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, म्हणून तांडेल मंडळी पडवीत जाळी सांधत गजाली मारतायत. आपल्या विमानाच्या धंद्याला मेली पावसाळ्याची सुट्टी नाही.

कुठला कॅप्टन विमानात किती इंधन भरतो, ते तुझं ऑफिसातलं पत्रक मिळालं. जादा इंधन घेणाऱ्या कॅप्टनांत मी तिसरा! शाळेत कधी पहिल्या तिनात आलो नव्हतो रे. जादा वजन वाहायलाही इंधन जळतं, हे तुझं म्हणणं खरंच आहे. पण गेल्या मंगळवारची रात्र त्या यादीत कुठे दिसते? मुंबईवर धो धो पाऊस, चाळीस मिनिटं घिरट्या, मग गो-अराउंड, म्हणजे उतरता उतरता पुन्हा वर. दुसऱ्या खेपेला टेकलो ते त्या जादा आठशे किलोंवर. आठशे किलो म्हणजे जेमतेम वीस मिनिटं, तुला वेगळं सांगायला नको. ती नसती तर थेट अहमदाबाद गाठावं लागलं असतं. ड्यूटीची वेळ संपलेला क्रू, हॉटेलं, सकाळचं रद्द झालेलं विमान, हा खर्च तू कुठल्या रकान्यात मांडला असतास?

रोस्टरचंही, म्हणजे ड्यूट्यांच्या वेळापत्रकाचंही, तेच. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांची ४८ झाली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली. जानेवारी २०२४ मध्ये काढलेले नियम पुरते लागू व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. आता तुमचं सॉफ्टवेअर त्या मर्यादेलाच कोटा समजतं. पहाटे अडीचचा पिकअप असला की संध्याकाळी सहाला पडदे ओढून पडतो. खाली पोरांचं क्रिकेट, वर कुणाचं तरी ड्रिल मशीन. कागदावर मात्र माझी विश्रांती पूर्ण.

कोझिकोडच्या विमान अपघाताचा अहवाल पुन्हा काढून वाच. ७ ऑगस्ट २०२०, २१ माणसं गेली. पाठचा वारा असताना कॅप्टन उतरला, ही चूक त्याचीच. पण दुसऱ्या सकाळचं विमान त्यालाच न्यायचं होतं, कारण तिथे पुरेसे कॅप्टनच ठेवले नव्हते, हेही अहवालात लिहिलंय. ज्याने कुणी ती संख्या ठरवली, तो काही वाईट माणूस नसेल. तुझ्यासारखाच एसीत बसून तक्ता बघत असेल.

रागावलास? तूही महिन्यातून दोनदा उडतोस, ठाऊक आहे. सकाळी दहाची दिल्ली, दिवेलागणीला घरी. ते उडणं म्हणजे लग्नाला जाऊन फक्त पंगतीला बसणं.

तुझे बाबा आठवतात. दोन ट्रॉलरांचे मालक झाले, तरी हंगामाच्या पहिल्या फेरीला स्वतः चढायचे. तांडेलाने डिझेल जास्त मागितलं तर हुज्जत घालायचे, पण वारा कुठला होता ते आधी विचारायचे. तू कधी विचारलंयस मला?

पुढच्या आठवड्यात माझी पहाटेची चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणं, आहेत. कॉकपिटातली जादा खुर्ची, जंपसीट, रिकामी आहे. आईने तुझ्यासाठी कोकमाच्या आगळाची बाटली भरून ठेवलीय. घरी आणून देणार नाही. अडीच वाजता पिकअपच्या गाडीत मिळेल.

तुझा,
नंदू