आमची पोट्टी टँकवर जाते

प्रिय शोभे,

पाकिटावरचं अक्षर पाहून म्हणशील, हिला आज बरी आठवण झाली! म्हण बाई, तुझा हक्क आहे. दिवाळीत फोन अर्ध्यात तुटला, मग कापूस, मग लग्नसराई. तब्येत बरी, बीपीची गोळी चालू, आईचा मोतीबिंदू काढला, झालं. फोनच केला असता, पण आमच्याकडे एकीचा फोन म्हणजे घरभर ऐकायचा असतो. आणि हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

रेणूला अमरावतीच्या टँकवर टीममध्ये घेतलं. पोहायच्या टीममध्ये वं! परीक्षा संपल्यापासून पहाटेच्या पहिल्या एसटीने जाऊन राहिली, सोबत कधी हे, कधी मी.

परवा भाऊजी आले होते. चहा पिता पिता यांना म्हणाले, “बारावं लागलं न तिले. पुरे झालं आता पाण्यात खेळणं.” शोभे, आपण तिच्याएवढ्या असताना ऐकलं तेच वाक्य, शब्दसुद्धा तेच. मी कपबशी ओट्यावर ठेवली आणि मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले. देवरावकाकांच्या विहिरीचं थारोळं आठवलं, अंगाला चिकटलेले आपले फ्रॉक आठवले. तुला तुझ्या आजीने वेणी धरून नेलं. माझे बाबा काहीच बोलले नाहीत, नुसतं पाहिलं. त्यानंतर तू कधी पाण्यात उतरलीस का वं? मी नाही. कौंडण्यपूरला जाते तेव्हा वर्धेत घोटे बुडवते, तेवढंच.

(आणि आता लिहूनच टाकते, तळाचा गाळ आधी मीच वर आणला होता. तुझ्या मुठीतला काठाच्या कपारीतला होता, त्यात गवत होतं. पैज मी जिंकले. तू कधी मानलं नाहीस.)

रेणू शिकली ती त्याच विहिरीत. पाटामुळे अजून पाणी टिकून आहे. भावाने कमरेला दोर बांधून सोडली, पाठीला डबा, आपल्यासारखंच. म्हणून टँकवर काय झालं ऐक. सरांनी पन्नास मीटर पोहून दाखव म्हटलं. बाकीची पोरं ठोकळ्यावर वाकून सूर मारायच्या तयारीत, आणि आपली बया शिट्टी झाली तसा नाक धरून मुटका मारते! काठावरच्या दोन बायकांच्या साड्या भिजल्या. मग डोकं वर काढून पोहली, विहिरीत साप कुठे आहे ते बघत पोहतात तशी. सर हसले, पण मला म्हणाले, “ताई, दम आहे पोरीत. मान तेवढी खाली घालायला शिकवू.” डोकं वर राहिलं की कंबर आणि पाय खाली जातात, मग पाणीच माणसाला अडवतं. श्वास पाण्यात सोडायचा, आणि घेताना मान नुसती कडेला वळवायची. एवढंच होतं ते! आणि आपण दोघी नाकातोंडात पाणी जाऊन खोकत बसायचो.

पहिल्या स्पर्धेत ब्रेस्टस्ट्रोकला पहिली आली आणि बाद झाली. भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागायला पाहिजेत, हिचा एक आधी लागला. अमरावती सोडल्यापासून रडत होती. मोझरीला आलूबोंडा खाल्ला, आणि तिवसा येईस्तोवर पुढच्या स्पर्धेचं बोलून राहिली होती. आता टायमिंगचं वेड. कोण पुढे गेली याचं काही नाही, कालच्यापेक्षा सेकंद किती कमी झाले ते सांगते. फ्रीस्टाइलचे पन्नास मीटर मिनिटाच्या आत आले तेव्हा साऱ्या गल्लीला सांगून आली. रात्री नऊला पाठ टेकली की झोप. मोबाइलसाठीची भांडणं आपोआप मिटली. भाकरी तिसरी मागते. डोळ्यांभोवती गॉगलचे वण, केस क्लोरिनने राठ. कॅपच्या आधी खोबरेल चोपडून देते.

सासरे आधीपासून बाजूने. ते अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात मल्लखांब शिकलेले, १९१४ सालच्या त्या मंडळाचं नाव निघालं की छाती अजून पुढे येते. यांना दहावीच्या खेळाच्या गुणांचा हिशेब आवडला. सासूबाई कॉस्च्युमवर अडल्या होत्या, तर स्पर्धेच्या नियमातच बायकांचा पोशाख खांद्यापासून गुडघ्यापर्यंत चालतो, तसलाच आणला. वर सरांनी सांगितलं, छातीभर पाण्यात अंगाचं बरंच वजन पाणीच उचलतं, गुडघ्यांवर भार येत नाही. म्हणतात कशा, “मंग मलेच टाका म्हणा त्या टाक्यात.”

राहिले भाऊजी. रेणूने त्यांना तोंडावर सांगितलं, आरती साहा हेलसिंकीच्या ऑलिम्पिकला गेली तेव्हा अकरा वर्षांची होती, आणि १९५९ मध्ये इंग्लिश खाडी पोहून गेली, आशियातली पहिली बाई. भाऊजी म्हणाले, “ते बंगालात.” काय बोलणार!

त्यांना वाटतं पाणी म्हणजे खेळ. शिवारात जागोजाग शेततळी झाली. प्लास्टिकवरून पाय निसटला की चांगल्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. सरांनी पोरांना आधी तेच शिकवलं: कोणी बुडत असेल तर उडी नाही मारायची, दोर फेकायचा, काठी द्यायची, ओरडायचं. आपल्याला कोणी सांगितलं होतं हे?

पण माझी खरी काळजी भाऊजी नाहीत. जूनपासून तिला नणंदेकडे अमरावतीत राजापेठला ठेवायचं म्हणतात हे, कारण शालेय स्पर्धा जिल्ह्याची, मग विभागाची, मग राज्याची, आणि सराव रोज पाहिजे. आज ना उद्या तिची पाळी सुरू होईल, आणि मी जवळ नसेन. टीममधल्या मोठ्या पोरींना मी हळूच विचारलं. कोणी एखाद-दोन दिवस सुट्टी घेते, कोणी पाळीचा कप वापरून उतरते, आणि त्या हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगतात. माझेच कान गरम झाले. नणंद कशी आहे तुला माहीत आहे. ती तोंडाने काही बोलणार नाही, पण कॉस्च्युम दोरीवर वाळत घातला की काढून आत टाकेल, आणि पोरगी समजून जाईल. बोलणाऱ्याशी भांडता येतं, पाहणाऱ्याशी कसं भांडायचं? बाबांशी मला जमलं नाही. रेणूला जमेल असं वाटतं, मग वाटतं बारा वर्षांच्या पोरीने हे तरी का करावं.

तरी सोडणार आहे. जूनच्या पहिल्या सोमवारी मीच नेऊन पोचवणार, आणि नणंदेशी दार लावून बोलणार. तू एक कर, यांना फोन कर. पुण्याच्या मॅडमचं ऐकतात, माझं नाही.

तुझी बदली झाली का? मालूला कोणती शाखा? भाऊसाहेबांची सिगारेट सुटली असेल तर कळव, नसेल तरी कळव. पुढेमागे राज्याची स्पर्धा बालेवाडीला लागली तर आम्ही तुझ्याकडेच उतरणार, आत्ताच सांगून ठेवते.

आणि लहान पोरांचा चांगला गॉगल पाठव, नाकावर नीट बसणारा. इथला गळतो. पैसे मिळणार नाहीत. गाळाच्या पैजेचे तुझ्याकडून अजून यायचे आहेत.

तुझीच,
सुमी