ऋण सोडताना

प्रिय आई-बाबा,
सप्रेम सलाम.

फोनवर सांगितलं असतं, पण काकांचं नाव निघालं की बाबा, तुम्ही फोन आईकडे देता. म्हणून लिहितेय. गेल्या शनिवारी मी काकांना फोन केला. स्वतःहून.

रागावू नका, पूर्ण वाचा.

मागच्या महिन्यात, प्रभुभोजनाच्या रविवारी, प्रभूची प्रार्थना चालू होती. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ आलं आणि लक्षात आलं, ही ओळ मी म्हणतच नाही. ओठ हलतात, आवाज नाही. मग नाताळ आठवला. नगरला तुमच्या शेजारी उभी होते, बाबा, आणि तुमचाही आवाज नेमका याच ओळीला खाली गेला होता. एरवी तो शेवटच्या बाकापर्यंत पोचतो.

आपल्या शास्त्रात त्या ओळीत ‘ऋण’च आहे, आणि आपल्या घराला तो शब्द समजावून सांगावा लागत नाही. तुम्ही काकांना जामीन राहिलात, त्यांची डेअरी बुडाली, वसुलीची माणसं आपल्या ओट्यावर येऊन बसली. तुमची ग्रॅच्युइटी गेली, आईच्या पाटल्या गेल्या, माझं बी.एड. दोन वर्षं लांबलं. बोजा उतरवून कोरा सातबारा घरी आणलात त्या दिवशी आईने गुडघे टेकले. मी मात्र मनात सगळा हिशेब काकांच्या नावावर पुन्हा चढवला. आणि ओळीत ‘सोडू’ नाही, ‘सोडले आहे’ आहे. देवाकडे आपली क्षमा मागायच्या आधी सोडून यायचं.

१९९९ चा जानेवारी आठवतो? ओडिशात मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दहा नि सहा वर्षांच्या मुलांना गाडीत जाळलं. तुम्ही पेपर मोठ्याने वाचत होतात, आई दाराला टेकून रडत होती. त्यांच्या पत्नी ग्लॅडिसबाईंनी क्षमा केली आणि बारीपद्याला कुष्ठरोग्यांची सेवा करत राहिल्या. मला तेव्हा वाटलं, हे मोठ्या माणसांचं काम. आता कळतं, झालं ते बरोबर झालं असं त्या कुठे म्हणाल्या? खटला चालला, शिक्षाही झाली. काका चुकलेच. ते मीही पुसत नाही.

नंबर तीनदा काढून ठेवून दिला, चौथ्यांदा लावला. नाव सांगितल्यावर बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, “दादाचा गुडघा कसा आहे?” पैशाचं मी काढलं नाही. त्यांनीच काढलं, आणि मध्येच थांबले. मी म्हटलं, “काका, माझ्यापुरतं मी सोडलं.” हात थरथरत होते माझे.

राग गेला असं नाही. दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना पाटल्या आठवल्या आणि डोकं पुन्हा तापलं. पुन्हा सोडलं. किती वेळा क्षमा करायची म्हणून प्रभूने पेत्राला सांगितलेलं ‘साताच्या सत्तर वेळा’ हे कदाचित एकाच अपराधासाठीही असेल, असं मला त्या तव्यापुढे वाटलं.

मी फक्त माझ्या वाट्याचं सोडलं. तुमचं तुमच्याकडे आहे. त्याला मी हात लावणार नाही.

ठेवताना काका म्हणाले, “वहिनींना सलाम सांग.” आई, सांगितला. “आणि बाबांना?” विचारलं, तर म्हणाले, “त्याला चालेल का, ते आधी विचार.”

विचारतेय, बाबा.

तुमची,
बेबी