मंत्रिमहोदय, देणगी घ्या, पण यंत्र चालवणार कोण तेही सांगा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी कोकणातल्या एका गावाच्या मुंबईतील ग्रामस्थ मंडळाचा खजिनदार. असली मंडळे आपल्याला नवीन नाहीत. गिरणगावात गावकीच्या खोल्या होत्या, त्यांतून बरीचशी उभी राहिली, पुढे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदली गेली. गिरण्या गेल्या, वर्गणी चालू आहे. आमच्या शिलकीतला काही भाग दरवर्षी गावच्या आरोग्यासाठी काढायचा, असा जुना ठराव आहे. मे महिन्यात चाकरमानी गावी आले की देवळाच्या सभामंडपात सभा बसते आणि दीड-दोन लाखांची रक्कम अर्ध्या तासात मंजूर होते. ती कशावर खर्च करायची, यावर मात्र जेवणे थंड होतात.

पहिली सूचना ठरलेली: अॅम्ब्युलन्स. दोन्ही अंगांना मंडळाचे नाव, मागे 'सौजन्य'. डिझेल, चालकाचा पगार, विमा आणि पासिंग कोण बघणार, असे विचारणारा गावाचा वैरी ठरतो. 2014 पासून राज्यात 108 ची सेवा आहे, ती आमच्या वरच्या वाडीपर्यंत वेळेत का पोहोचत नाही हे विचारायला कोणी उठत नाही. मग सोनोग्राफीचा विषय निघतो. 1994 च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्या जागी ते यंत्र विकताही येत नाही, शिवाय चालवायला पात्र डॉक्टर हवा, हे सांगितले की ती सूचनाही बसते. एक्स-रे म्हटले तर अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी आली. शेवटी ज्याला परवाना लागत नाही आणि ज्यावर स्टिकर लावता येतो, असे काहीतरी निवडले जाते.

असेच एक ईसीजी यंत्र आम्ही आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला दिले. नारळ फुटला, फोटो निघाले. आज ते यंत्र औषधांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, प्लास्टिकच्या खोळीत आहे. आमचा स्टिकर अजून नवा दिसतो. सोबत आलेले कागदाचे रोल संपले. नवे मागवायचे तर हे यंत्र सरकारी पुरवठ्यातले नाही, त्यामुळे मागणीपत्रात बसत नाही. पुढे एक लीड, म्हणजे रुग्णाच्या अंगाला जोडायची वायर, तुटली, तर देखभालीचे कंत्राट यादीतल्या यंत्रांपुरतेच आहे असे उत्तर मिळाले. काढून टाकावे म्हटले, तर डेडस्टॉकला, म्हणजे सरकारी सामानाच्या नोंदवहीत, नोंद आहे; निर्लेखनाचा, म्हणजे नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्ताव वर जायला हवा. यात केंद्रातल्या माणसांना बोल लावावा असे मला वाटत नाही. ज्या डॉक्टरांनी ते स्वीकारले त्यांची बदली झाली, नंतरच्यांना ते वारशात मिळाले.

त्याच केंद्रात डॉक्टरांना मी सहज विचारले, तुम्हाला खरेच काय हवे? औषध कंपनीच्या पॅडच्या पाठीमागे त्यांनी भराभर लिहून दिले: इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, पाण्याच्या पंपाची मोटार, बाळंतिणीच्या खोलीला पडदे, नातेवाइकांना बसायला बाकडी आणि ईसीजीचे रोल. पावसात आमच्याकडे वीज गेली की कधी येईल याचा भरवसा नसतो, आणि बाळंतपण विजेसाठी थांबत नाही. सगळे मिळून आमच्या रकमेत आरामात बसले असते. बॅटरीसमोर फीत कापता येत नाही, एवढीच अडचण. देणाऱ्या संस्थांना फलकाचा सोस आहे आणि घेणाऱ्या कार्यालयांना कार्यक्रमाचा, हे मी दोन्ही बाजू पाहून लिहितो आहे.

बरे, पैसेच द्यावेत म्हटले तर सोय कागदावर आहे. 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानापासून प्रत्येक केंद्राला रुग्ण कल्याण समिती आहे आणि तिला देणगी घेता येते. आम्ही चेक द्यायला गेलो तेव्हा पावती पुस्तक कोणाकडे असते, इथपासून सुरुवात झाली. आमचे हिशेब दरवर्षी तपासले जातात. आयकराची सवलत टिकवायची तर उत्पन्नाचे 85 टक्के उद्देशावर खर्च झालेले दाखवावे लागतात. पावती नाही, विनियोगाचा कागद नाही, तर लेखापरीक्षकापुढे मी काय ठेवू? यंत्राचे बिल निदान दुकानदार तरी देतो.

म्हणून मागणे थोडके आहे. प्रत्येक केंद्राने वर्षातून एकदा, मार्च संपल्यावर, समितीच्या सहीने गरजांची यादी दर्शनी भागात लावावी आणि ग्रामपंचायतीला द्यावी. कोणतेही यंत्र स्वीकारण्याआधी ते चालवणार कोण, त्याला लागणारे सामान कोणत्या पैशातून येणार आणि दुरुस्ती कोण करणार, हे एका पानावर लिहून द्यावे. लिहिता येत नसेल तर देणगी नम्रपणे नाकारावी, आम्हाला राग येणार नाही. (आमच्या अध्यक्षांना येईल, पण ते माझ्यावर सोपवा.) स्वीकारलेले यंत्र त्याच महिन्यात देखभालीच्या यादीत चढावे. आणि समितीला दिलेल्या पैशाची पावती व खर्चाचा दाखला यांचा एकच नमुना ठरावा. केंद्रे जिल्हा परिषदेकडे, धर्मादाय कार्यालय विधी व न्याय विभागाकडे, म्हणून हा नमुना आपल्या पातळीवरच ठरू शकतो.

एक गोष्ट स्पष्ट करतो. लॅब टेक्निशियनचे रिकामे पद आमच्या वर्गणीतून भरले जाणार नाही आणि भरले जाऊही नये. डोंगराळ भागात 20,000 लोकसंख्येमागे एक केंद्र हा निकष सरकारचा, तेव्हा तिथली माणसे आणि औषधे ही जबाबदारीही सरकारची. 'स्थानिक दात्यांकडून मिळवा' असे तोंडी आदेश केंद्रांना जात असतील, तर ते थांबवावेत.

आमची पुढची सभा मे महिन्यात आहे. एप्रिलअखेर आमच्या केंद्राची सही-शिक्क्याची यादी हाती आली तर ती सभेत वाचून दाखवीन. आधी ईसीजीच्या रोलांचा आणि लीडचा खर्च मंजूर करून घेईन, मग बॅटऱ्यांचा.

कळावे,
आपला,
एका ग्रामस्थ मंडळाचा खजिनदार